सगळ्यांचा मुक्काम २५५: गिरगावच्या ४८६ वरून टेलनेटनं बीबीएसवर फायली चढवताना काय काय झालं

पार्श्वभूमी

माणसांची आणि मंडळाची नावं काढून टाकलीत, बाकी जे झालं ते तसंच लिहितेय.

गिरगावातल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात, वय चौऱ्याहत्तर. आयुष्यभर छापखान्यात प्रूफं वाचली, शेवटची काही वर्षं घरीच टायपिंगची कामं घ्यायचे. चाळीच्या गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका १९९४ ते १९९९ अशी सहा वर्षं त्यांनीच तयार केली, घरातल्या ४८६ वर (नव्वदच्या दशकातला कंप्युटर), डॉसमध्ये, मराठीसाठी मशीनमध्ये सी-डॅकचं जिस्ट कार्ड. ज्यांनी जिस्ट बघितलं नाही त्यांना सांगते, हे कार्ड आत खोचलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी दिसायचं, टाइपही करता यायचं, आणि मजकूर इस्की कोडात साठवला जायचा. युनिकोड घरोघरी यायच्या आधीची गोष्ट.

ते मशीन अजून चालतं. संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की काका ते पण लावतात, जुने हिशोब बघतात, पत्ते खेळतात, बंद करतात. फ्लॉपी ड्राइव्ह मेलेला, सीडी नव्हतीच, यूएसबीचा प्रश्नच नाही. बाहेरच्या जगाशी बोलायला फक्त मागचा सीरियल पोर्ट.

यंदा मंडळाचा अमृतमहोत्सव, त्यामुळे जुन्या स्मरणिकांमधला मजकूर आणि फोटो हवे होते. छापील प्रती बहुतेक २००५ च्या पुरात कुणाच्या तरी कलिनाच्या घरी भिजून गेल्या. राहिल्या त्या काकांच्या डिस्कवरच्या फायली, सगळ्या मिळून ३८ एमबी, चारशेच्या आसपास. अर्ध्या इस्की टेक्स्ट, बाकीच्या स्कॅन केलेली पानं आणि फोटो, पीसीएक्स या चित्रांच्या जुन्या फॉरमॅटमध्ये.

आता बीबीएस यात कुठून आलं. काका जुने बीबीएसवाले. मोडेमनं फोन लावायचा, समोरच्याचा कंप्युटर उचलायचा, मग निरोप वाचायचे, फायली घ्यायच्या-द्यायच्या, आणि एका लाइनीवर एका वेळी एकच माणूस. यातलं पहिलं शिकागोला १६ फेब्रुवारी १९७८ ला वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस या दोघांनी चालू केलं. आपल्याकडे व्हीएसएनएलनं १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट लोकांसाठी उघडलं, काका त्याच्या आधीपासून मोडेमवर होते, आणि त्यांना ते सगळं अजून बोटांवर आठवतं. माझा एक डोंबिवलीचा मित्र हौस म्हणून बीबीएस चालवतो, म्हणजे तो सिसॉप. फोनलाइनऐवजी आता टेलनेटनं, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्या कंप्युटरशी टाइप करत बोलायच्या जुन्या पद्धतीनं जोडायचं, बाकी तेच. घरच्या ब्रॉडबँडला स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येईल असा पत्ता, मिळत नव्हता म्हणून त्यानं भाड्याचा एक छोटा सर्व्हर घेऊन त्यावर ते टाकलंय. मी मध्ये पडले आणि म्हटलं, काकांना आपण वायफाय मोडेम देऊ, ते स्वतः रोज थोड्या थोड्या फायली चढवतील, मंडळाची पोरं तिकडून उतरवून घेतील. काका एवढे खूश झाले की त्याच दिवशी त्यांनी जुनी मॅन्युअलं माळ्यावरून काढली.

वायफाय मोडेम म्हणजे काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी, आत ईएसपी ८२६६ चिप, एका बाजूला सीरियल आणि दुसऱ्या बाजूला घरातलं वायफाय. मशीनला वाटतं आपण खऱ्या मोडेमशी बोलतोय. एटीडीटी टाइप करून पुढे फोन नंबरऐवजी सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट द्यायचा की झालं.

अडचण

पहिल्या संध्याकाळी काकांनी सहा टेक्स्ट फायली झेडमोडेम या प्रोटोकॉलनं, म्हणजे फायली पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीनं पाठवल्या. एक जरा अडखळली पण सहाच्या सहा पोचल्या, सिसॉपनं तिकडे उघडून बघितल्या, बरोबर. आम्ही खूश. मग पहिली पीसीएक्स लावली आणि ती सुरुवातीलाच थांबली. सीआरसी एरर (म्हणजे तपासणीचा आकडा जुळत नाही), पुन्हा प्रयत्न, सीआरसी एरर, पुन्हा, असं करत करत शेवटी रद्द. दुसरी पण तशीच, झिप करून बघितली तर तीही.

मग काका म्हणाले झेडमोडेम जाऊ दे, आपलं एक्समोडेम बरं. हा त्या क्रिस्टेन्सननंच १९७७ मध्ये केलेला प्रोटोकॉल, १२८ बाइटचा एकेक ब्लॉक पाठवायचा, समोरून 'मिळाला' असं आलं की पुढचा, नाही आलं की तोच परत. हळू पण सरळ. त्यानं लहान टेक्स्ट जात होत्या, मोठ्या टेक्स्ट मध्येच अडकत होत्या आणि पीसीएक्सचं नाव काढायला नको.

सिसॉपनं आपल्या लॅपटॉपवर सिंकटर्म हा बीबीएसला जोडायचा प्रोग्राम उघडून त्याच बीबीएसवर एक दहा एमबीची झिप चढवली, एका फटक्यात गेली. मग अर्थातच, "माझ्याकडे चालतंय, भानगड गिरगावात आहे." हे वाक्य पुढे आम्हाला दहा दिवसांना पडलं.

समोर काय काय पर्याय होते

सगळ्यात सरळ पर्याय म्हणजे डिस्क बाहेर काढायची, लॅमिंग्टन रोडवरून यूएसबी-आयडीई अडॅप्टर आणायचा, लॅपटॉपला लावून सगळी डिस्क एकदम कॉपी करायची. अर्ध्या तासाचं काम. काकांनी साफ नाही म्हटलं. मागे एकदा धूळ काढायला कॅबिनेट उघडलं होतं तेव्हा जिस्ट कार्ड खाचेतून सैल झालं आणि दोन महिने मराठी दिसत नव्हतं. "उघडायचं नाही. मी आहे तोवर उघडायचं नाही." आम्ही ऐकलं. त्यावर पुढे बोलेन.

दुसरा पर्याय नल-मोडेम केबल, म्हणजे ४८६ चा सीरियल थेट लॅपटॉपच्या यूएसबी-सीरियलला. मध्ये इंटरनेट नाही, टेलनेट नाही, बीबीएस नाही. हे नक्की चाललं असतं. पण मग दर वेळी आमच्यापैकी कुणीतरी लॅपटॉप घेऊन गिरगावात जाऊन बसायचं. मी लालबागची, माझं ठीक आहे, पण सिसॉपला डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून चर्नी रोड, त्यात रविवारचा मेगाब्लॉक. आणि खरं कारण वेगळंच होतं, काकांना ते स्वतःच्या हातानं करायचं होतं. आम्ही लॅपटॉप घेऊन बसलो असतो तर त्यांनी आम्हाला चहा दिला असता आणि बाजूला बसून राहिले असते.

तिसरा पर्याय कर्मिट. १९८१ चा, कोलंबिया विद्यापीठात तयार झालेला प्रोटोकॉल, कसल्याही वाकड्या लाइनीतून फाइल न्यायची हाच त्याचा धंदा. काकांच्या टर्मिनल प्रोग्राममध्ये तो होताच, फक्त तिकडे सर्व्हरवर टाकावा लागणार होता. सिसॉपला कंटाळा आला होता, म्हणाला फार स्लो असतं ते.

चौथा, फायलींचं टेक्स्ट करून पाठवायचं, यूयूएनकोडसारखं. टेक्स्ट जातंच आहे ना मग सगळंच टेक्स्ट करू. फाइल साधारण चाळीस टक्के फुगते आणि त्यासाठी लागणारा प्रोग्राम आधी ४८६ वर न्यायचा कसा, कारण तो स्वतः बायनरी, म्हणजे टेक्स्ट नव्हे. डॉससोबत क्यूबेसिक येतं, त्यात छोटा प्रोग्राम लिहून काकांकडून टाइप करून घेता आला असता. यावर आम्ही एक अख्खी रात्र गप्पा मारल्या, मजा आली, केलं काहीच नाही.

ठरलं असं की बीबीएसचाच रस्ता दुरुस्त करायचा. मला आजही वाटतं काकांच्या बाजूनं विचार केला तर तेच बरोबर होतं. चूक त्याच्या पुढे झाली.

काय केलं

*पहिले दहा दिवस, सगळं उलटं*

काकांचं म्हणणं पाऊस. जुलै चालू होता आणि नव्वदच्या दशकात पावसात फोनच्या लाइनीत खरखर यायची, पडद्यावर कचरा अक्षरं यायची, ट्रान्सफर तुटायचं, तो अनुभव त्यांच्या अंगात मुरलेला. मी म्हटलं काका आता तसं होत नाही, खाली टीसीपी असतं, ते हरवलेलं पाकीट स्वतःच परत मागवतं, खरखर आपल्यापर्यंत पोचतच नाही. त्यांना ते पटलं नाही. आणि गंमत म्हणजे मी हे त्यांना समजावून सांगत असतानाच दुसऱ्या बाजूनं स्वतः वायफायचा सिग्नल वीक असेल म्हणून राउटर कपाटावरून खिडकीत आणून ठेवत होते. म्हणजे माझं पण तेच, नाव फक्त वेगळं.

सिसॉपचा संशय केबल आणि यूआर्टवर, म्हणजे सीरियल पोर्टच्या चिपवर. जुन्या मशीनमधली सीरियल चिप एका वेळी एकच बाइट धरून ठेवते, सोळा बाइटचा बफर नंतरच्या १६५५० चिपमध्ये आला, त्यामुळे वेग जास्त असला की बाइट गळतात हे खरं आहे. पण ते मुख्यतः आत येणाऱ्या बाइटचं दुखणं, आपण तर बाहेर पाठवत होतो. तरी मी लॅमिंग्टन रोडला जाऊन नवी केबल आणली. काही फरक नाही. वेग १९२०० वरून ९६००, मग २४००. काही म्हणजे काही फरक नाही, फक्त अपयश यायला आठपट वेळ लागायला लागला.

इथं थांबायला हवं होतं. वेग आठ पटीनं कमी करूनही फाइल तिथंच मरते म्हणजे वेगाचा संबंध नाही, केबलचा नाही, पावसाचा तर नाहीच. आम्ही मात्र 'चला हे पण नाही' म्हणून पुढच्या संशयिताकडे गेलो.

*कर्मिट*

अकराव्या दिवशी मी हट्टानं सिसॉपला कर्मिट टाकायला लावलं. तीच पीसीएक्स, जी कधीच गेली नव्हती, ९० केबीचं एक पान. सहा मिनिटं लागली. पण गेली, आणि तिकडे उघडली, जाहिरातींचं पान होतं, कोपऱ्यात एका वडेवाल्याची जाहिरात. काकांनी फोनवर विचारलं, "दिसतोय का वडा?"

म्हणजे तीच केबल, तोच मोडेम, तोच सर्व्हर, तोच पाऊस, आणि फाइल धड. आता लाइन खराब आहे असं कुणालाच म्हणता येईना. बाइट हरवत नव्हते, काही ठराविक बाइट मध्येच कुणीतरी खात होतं, आणि कर्मिट ते बाइट वेष बदलून पाठवत होतं म्हणून वाचत होतं.

कर्मिटवरच सगळं उरकू असं सिसॉप म्हणाला. तो पण एक मार्ग होता. पण काकांच्या प्रोग्राममधलं कर्मिट जुनं, ९४ बाइटचं पाकीट आणि प्रत्येक पाकिटाला उत्तर येईपर्यंत वाट बघायची, स्कॅन केलेली पानं तर आणखी फुगायची. सगळं पाठवायला रात्रीच्या रात्री गेल्या असत्या, आणि काका साडेनऊला झोपतात.

*काकांची वही*

मग ती वही. प्रूफरीडर माणूस, काहीही चुकलं की कुठे चुकलं ते लिहायची सवय. आम्ही पोरं केबली बदलत होतो तेव्हा काका प्रत्येक प्रयत्नाला तारीख, फाइल, प्रोटोकॉल आणि कुठल्या ब्लॉकवर थांबली ते शाईच्या पेनानं मांडत होते. आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं, विचारलंच नव्हतं.

मी गेले तेव्हा त्यांनी वही पुढे केली. "हे बघ गं. एक्समोडेमच्या पाच मोठ्या टेक्स्ट फायली. यातल्या दोन बरोब्बर २५५ व्या ब्लॉकवर बसल्यात. फायलींचा एकमेकींशी संबंध नाही, एक हिशोब आहे, एक अध्यक्षांचं मनोगत. बाकीच्या तीन त्याच्या आधी कुठेतरी, पण दरवेळी जिथल्या तिथं. पावसाला काय मोजता येतं का?"

मी तिथूनच सिसॉपला फोन लावला. दोनशे पंचावन्न म्हटल्यावर तो पाच सेकंद गप्प, मग त्यानं एक शिवी घातली जी इथं लिहीत नाही.

काय होतं ते नीट सांगते. टेलनेट हा नुसता पाइप नाहीये, त्याला स्वतःची भाषा आहे, १९८३ च्या आरएफसी ८५४ या इंटरनेटच्या नियमपत्रात लिहिलेली. प्रत्येक बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. त्यात २५५ हा बाइट राखीव, त्याचा अर्थ 'आता पुढे येतंय तो डेटा नाही, हुकूम आहे.' मग खरंच डेटामध्ये २५५ पाठवायचा असला तर तो दोनदा पाठवायचा, समोरचा दोनाचा एक करून घेतो. सिंकटर्मसारखा प्रोग्राम हे गुपचूप करतो म्हणून सिसॉपकडे सगळं नीट. काकांचा मोडेम करत नव्हता. तो २५५ एकदाच टाकायचा, बीबीएस त्याला हुकूम समजून गिळायचं, वर पुढचा एखाद-दुसरा बाइट घेऊन जायचं.

आता वहीतल्या सगळ्या नोंदी जागेवर बसतात. एक्समोडेम प्रत्येक ब्लॉकच्या डोक्यावर ब्लॉकचा नंबर पाठवतं, एका बाइटमध्ये. २५४ ब्लॉक झाले म्हणजे ३२,५१२ बाइट गेले, आणि पुढच्या ब्लॉकचा नंबर २५५. आत मजकूर काहीही असो, तो ब्लॉक कधीच पोचणार नाही. आणि ज्या तीन आधी थांबल्या त्यांच्यात ब्लॉकच्या शेवटी येणारी बेरीज, चेकसम, ती नेमकी २५५ आली असणार, मजकुरात स्वतः २५५ नसला तरी. इस्की २५० वरच संपतं, त्यामुळे मराठी मजकुरात हा बाइट येतच नाही, म्हणून लहान टेक्स्ट तरत होत्या आणि आम्हाला वाटत होतं रस्ता चांगला आहे. झेडमोडेमची एक फाइल पहिल्या दिवशी अडखळली ती पण बहुधा सीआरसीत २५५ आल्यानं. काही प्रोग्राम चूक झाली की तुकडा लहान करून पाठवतात, मग सीआरसी बदलतो आणि गाडी सुटते.

आणि पीसीएक्स! त्यात एकाच रंगाचा पट्टा आला की 'इतक्या वेळा अमुक' असं लिहितात, जास्तीत जास्त ६३ वेळा, आणि ६३ साठी जो बाइट लागतो तो २५५. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये पांढरा म्हणजे पण २५५. म्हणजे कोऱ्या समासाची एकेक ओळ म्हणजे २५५, २५५, २५५, २५५. आमच्या फायलींमधला रिकामा कागदच सगळ्यात जड निघाला.

*पण मोडेम तसं का करत होता*

हा भाग जरा लाज वाटणारा आहे. मे महिन्यापर्यंत बीबीएस पोर्ट २३ वर होतं, टेलनेटचा नेहमीचा दरवाजा. तिथं दिवसरात्र बॉट येऊन पासवर्ड ठोकत बसतात, २०१६ च्या मिराई या बॉटनेटनं तर कॅमेरे आणि राउटर असेच धरले, २३ आणि २३२३ दोन्ही पोर्टवरून. म्हणून सिसॉपनं बीबीएस एका भलत्याच नंबरच्या पोर्टवर हलवलं. निर्णय शहाणपणाचाच. पण काकांच्या मोडेममधल्या फर्मवेअरचा, म्हणजे आतल्या प्रोग्रामचा नियम असा की पोर्ट २३ असेल तरच टेलनेट बोलायचं, नाहीतर बाइट जसेच्या तसे ढकलायचे. युनिक्सवरचं जुनं टेलनेट पण असंच करतं, २३ सोडून दुसरीकडे गेलं की आपणहून बोलणी सुरू करत नाही, त्यामुळे हे कुणाच्या डोक्यातून आलं ते कळतं. मेमध्ये बदललेला पोर्ट आणि जुलैत अडकणारी फाइल यांचा संबंध आमच्यापैकी कुणाच्या मनातही आला नाही.

मोडेमला टेलनेट नेहमी चालू ठेवायची एक कमांड होती. मी फोनवर सांगितली, काकांनी टाइप केली, सेव्ह केली. पीसीएक्स लावली. गेली. दुसरी गेली. काकूंनी शिरा केला.

*आणि मग परत*

तिसऱ्या दिवशी एक मोठी झिप अडकली. पुन्हा एकाच जागी. आता मात्र काकांनी आमच्याआधी आकडा सांगितला. सिसॉपनं फाइलची कॉपी कर्मिटनं मागवून घेतली आणि त्या जागेवरचे बाइट बघितले, तिथं १३ आणि त्याच्यामागे ०.

टेलनेटचा हा दुसरा नियम. साध्या मोडमध्ये कॅरेज रिटर्न, म्हणजे ओळ संपल्याची खूण, बाइट १३, एकटा पाठवायचा नसतो, त्याच्यामागे एकतर १० हवा नाहीतर ०, आणि तो ० नुसता सोबतीला असतो म्हणून समोरचा टाकून देतो. आमचा मोडेम सोबतीचा शून्य लावत नव्हता, बीबीएस मात्र इमानदारीनं काढत होतं, आणि फाइलमधला खरा शून्य त्यात जात होता. अशी जोडी लहान फाइलमध्ये क्वचित सापडते, अर्ध्या एमबीच्या झिपमध्ये सात-आठ वेळा तरी सापडायचीच.

यावर औषध पण १९८३ चंच, आरएफसी ८५६, बायनरी मोड. दोघांनी आधीच ठरवायचं की आता येणारं सगळं जसंच्या तसं घ्यायचं, आणि ते जाणाऱ्या-येणाऱ्या दोन्ही दिशांना वेगवेगळं ठरवावं लागतं. २५५ दोनदा पाठवायचा नियम मात्र त्यातही राहतो, हे बरेच जण विसरतात. बीबीएसच्या सेटिंगमध्ये ट्रान्सफर सुरू होताना बायनरी मोड मागायचा पर्याय होताच, बंद होता. सिसॉपनं चालू केला, मोडेमनं मुकाट्यानं होकार दिला.

जाता जाता एक. झेडमोडेम हे चक फोर्सबर्गनं १९८६ मध्ये टेलिनेट नावाच्या पॅकेट नेटवर्कसाठी लिहिलं. टेलिनेट, टेलनेट नव्हे. त्या नेटवर्कला जे बाइट खुपायचे ते झेडमोडेम काळजीपूर्वक झाकून पाठवतं, आणि आपल्या टेलनेटला खुपणारा २५५ उघडाच सोडतं. एका अक्षराचा फरक बघा, प्रूफरीडर काकांना हे सांगितलं तर ते बराच वेळ हसत होते.

निकाल

फायली कशा पाठवायच्या ते मग काकांनीच ठरवलं. आधी प्रत्येक वर्षाचं फोल्डर ४८६ वरच पीकेझिपनं बांधायचं, म्हणजे ३८ एमबीचे १४ झाले आणि दुसरा फायदा असा की झिपमध्ये प्रत्येक फाइलचा सीआरसी असतो, तिकडे सर्व्हरवर झिप तपासली की आतलं सगळं धड पोचलं का ते कळतं, डॉसवर वेगळं काही टाकायला नको. १९२०० वर सगळं मिळून सव्वादोन तासांचा मामला. काकांनी नऊ संध्याकाळी घेतल्या, रोज थोडं थोडं, मग वहीत नोंद, मग मला मिस्ड कॉल.

एकदा मध्येच काकूंनी मिक्सर लावायला राउटरचा प्लग काढला. झेडमोडेम तुटलेली फाइल तिथून पुढे चालू करतं, त्यामुळे नुकसान काही झालं नाही, बोलाचाली झाली तेवढीच.

टेलनेटवर पासवर्ड उघडा जातो, सगळाच मजकूर उघडा जातो. म्हणून काकांना तिथला पासवर्ड असा दिला जो दुसरीकडे कुठेही नाही, आणि वर्गणीच्या याद्या, ज्यात लोकांची नावं-खोली नंबर होते, त्या पाठवायच्याच नाहीत असं ठरवलं. काकांना आधी हे फाजील वाटलं. नंतर त्यांनीच एक यादी आमच्या नजरेतून सुटलेली दाखवली.

इस्की मजकूर आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीतल्या यूकॉन्व्ह प्रोग्रामनं युनिकोडमध्ये बदलला, काही जोडाक्षरं बिघडली ती मंडळाच्या पोरांनी काकांसमोर बसून दुरुस्त केली. तीन फायली मिळाल्याच नाहीत. त्या लाइनीनं नाही खाल्ल्या, डिस्कच वाचेना. ड्राइव्ह सी वाचताना चूक, आणि खाली डॉसचा तो जुना प्रश्न, अबॉर्ट, रिट्राय, फेल. तिन्ही १९९६ च्या फोटोंच्या.

परत करायचं झालं तर

पहिल्या दिवसापासून प्रत्येक अपयशाची जागा लिहीन. किंवा खरं म्हणजे पहिल्या दिवशी काकांना विचारीन की तुम्ही काही लिहून ठेवलंय का. जागा दरवेळी बदलत असती तर केबल, वायफाय, चिप यांच्या मागे लागणं ठीक होतं. जागा हलतच नव्हती आणि हे कळायला दोन प्रयत्न पुरे होते.

सिसॉपच्या टेस्टचं पण. तो त्याच्या लॅपटॉपवरून तपासत होता, काकांच्या रस्त्यानं नाही. तसाच दुसरा मोडेम साडेआठशे रुपयांना मिळत होता, तो त्यानं स्वतःकडे घेऊन ठेवला असता तर पहिल्याच रात्री त्याच्याकडेही फाइल अडकली असती. आता त्यानं घेतलाय. शिवाय एक छोटी फाइल करून ठेवलीय, ज्यात ० पासून २५५ पर्यंत सगळे बाइट एकापाठोपाठ आहेत आणि शेवटी १३-० ची जोडी. कुणी नवीन माणूस जोडला गेला की आधी ती चढवायची. पाचशे बाइटसुद्धा नाहीत, पण आमचे दोन आठवडे वाचले असते.

कर्मिट पहिल्या आठवड्यातच लावायला हवं होतं. फायली त्यानं पाठवायच्या म्हणून नव्हे, लाइन धड आहे का एवढंच बघायला.

राहिलं डिस्कचं. यावर माझं आणि सिसॉपचं अजून एकमत नाही. तो म्हणतो काकांचं ऐकून आपण चूक केली, पहिल्या दिवशी डिस्क काढून कॉपी केली असती तर कदाचित ते तीन फोटो पण मिळाले असते, कारण आम्ही ज्या पंचवीस-एक दिवसांत गोंधळ घालत होतो त्या दिवसांत ती म्हातारी डिस्क रोज दोन-दोन तास फिरत होती. त्याचं चुकीचं नाहीये. पण मशीन काकांचं आहे, आणि उघडल्यावर ते कार्ड परत सैल झालं असतं तर काय, याचं उत्तर त्याच्याकडे नाही. मधला मार्ग एक होता जो तेव्हा सुचला नाही, पहिल्याच दिवशी एकदा नल-मोडेम केबल लावून सगळ्याची एक प्रत लॅपटॉपवर घेऊन ठेवायची आणि मग काकांना हवं तितके दिवस हवं तसं बीबीएसवर पाठवू द्यायचं. कॅबिनेट उघडायला लागलं नसतं, घाई पण राहिली नसती.

मागच्या आठवड्यात मी परत विषय काढला, काका, आता तरी डिस्कची एक कॉपी काढून ठेवू. वहीत तोंड घालून म्हणाले, गणपती होऊ देत, मग बघू.